बाराखडी आधी की शब्द आधी?

पहिलीच्या वर्गात फळ्यावर 'नळ' लिहावे. मूल 'न' म्हणते, 'ळ' म्हणते आणि थांबते. रोज पाणी भरतो तो नळ त्याला त्यात दिसत नाही. सुटा 'ळ' म्हणताना शेवटचा 'अ' ऐकू येतो, 'नळ' म्हणताना तो गळतो. मराठी वाचायला शिकवण्याची खरी मेख इथे आहे, आणि तिच्याशी झटण्याचा मोठा प्रयोग सातारा जिल्ह्यात, फलटणला झाला.

पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत. ती धुळाक्षरे. सुरुवात श्रीगणेशाला आणि सिद्धाला नमन करून व्हायची. 'श्रीगणेशा करणे' आणि 'ओनामा' तिथूनच आले. रोजच्या व्यवहाराची लिपी होती मोडी, झरझर लिहायची. देवनागरीला म्हणत बाळबोध. विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेली आणि बाळबोध तेवढी उरली.

क्रम मात्र राहिला वर्णमालेचा. कंठापासून ओठांपर्यंत, 'क'पासून 'म'पर्यंत, उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली ही मांडणी थक्क करणारी आहे. पण ती व्याकरणकारांची आहे. पाचव्याच घरात 'ङ' येतो. भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या शेजारी बहुधा चित्रच नसते, कारण त्याने सुरू होणारा शब्द मुलाला द्यायचा कुठून?

हाताची सोय पाहणाऱ्या शिक्षकांनी 'ग म भ न' धरले. उभी रेघ एकदा बसली की चारही अक्षरे हाताला जमतात. 'व'च्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब', उभ्या रेघेबाहेर वळण काढले की 'क'. वळणासाठी ही वाट मला आजही सर्वांत चांगली वाटते. 'ख' मात्र कुठल्याच गटात सुखाने बसत नाही. 'खत' लिहिलेले असते आणि मूल 'रवत' वाचते. प्रमाण 'ख'मध्ये 'र'चा पाय 'व'ला जोडला, तो यासाठीच.

1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. त्यांच्या माँटेसरी वळणाच्या शिक्षणात खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत मूल त्याचा उच्चार करी. धुळपाटीचेच हे भावंड, फक्त इथे बोटाबरोबर कानही शिकतो.

फलटणला भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांपासून सुरुवात केली. 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांची वर्णसमूह पद्धत अशी: थोडी व्यंजने आणि त्यांच्याबरोबरच एखादी स्वरचिन्हाची खूण घ्यायची. समजा, 'क', 'म', 'न', 'ळ' आणि काना. एवढ्यात 'काम', 'मान', 'माळ', 'नाक', 'काका', 'मामा' सगळे हाती लागतात. जुन्या रीतीत काना यायचा तो सगळी मुळाक्षरे पाठ झाल्यावर. तोवर मुलाने 'कमळ' आणि 'नळ' यांवरच दिवस काढायचे. घरात ज्यांना दिवसभर हाक मारतो त्या काका-मामांची नावे वाचायला त्याने वर्षाअखेरीपर्यंत का थांबावे?

यात वर्णमाला टाकून दिलेली नाही. शब्दकोश चाळायची वेळ येते तेव्हा तिचा क्रम लागतोच, आणि वाचता येणारे मूल तो आठवड्याभरात पाठ करते.