कोलेस्टेरॉल 'निर्दोष' सुटलं म्हणे!

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: '2015 साली अमेरिकेनं कोलेस्टेरॉलला क्लीन चिट दिली. गोळ्या बंद करा, बिनधास्त खावा!' यातलं अर्धंमुर्धंच खरं.

त्यांच्या आहार-मार्गदर्शिकेतून गेली ती अन्नातल्या कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. तालमीतल्या पोरानं बलकासकट अंडं खाल्लं (सुमारे 200 मिलिग्रॅम), तरी बहुतेकांच्या रक्तात फारसा फरक पडत नाही. संपृक्त चरबीवरची मर्यादा मात्र तशीच राहिली. म्हणजे मटणाची चरबी सुटलेली नाही. पांढऱ्या रश्श्यातलं खोबरंही त्यातलंच, राग मानू नका.

आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल? 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीत 4,444 हृदयरुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गोळ्यांपैकी एक) दिलं. त्या गटात मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. पीसीएसके9 जनुकातल्या बदलामुळं ज्यांचं एलडीएल जन्मापासूनच कमी, त्यांच्यात हृदयविकारही कमी दिसतो. वाद आहे, पण तो वेगळाच: आजवर हृदयाचा त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसाला स्टॅटिन द्यायचं का, आणि कधीपासून. अँजिओप्लास्टी झालेल्यानं गोळी सोडावी, असं त्यात कुठंच नाही.