ब्रेक मारला की हँडल थरथरतंय? डिस्क बदलायच्या आधी मोजून बघा

बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक दाबला की गाडी लोण्यासारखी हळू व्हायला पाहिजे. त्याऐवजी लिव्हर बोटांना उलटा ढकलायला लागतो, हँडल थरथरतं, आणि स्पीड उतरेल तसे गचके सुटे सुटे होत जातात, अगदी थांबता थांबता तर एकेक मोजता येतो. हे कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं, डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) बेंड झालीये, बदलून टाका. मलाही तेच सांगितलं गेलं आणि मी बदलली पण. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड जुनेच ठेवले कारण त्यांच्यात अजून बराच जीव होता. दोन महिन्यांत तोच थरथराट परत आला, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा डिस्क मोजायला बसलो, आणि ती सरळ निघाली.

बेंड असणं वेगळं आणि जाडी कमी-जास्त असणं वेगळं, सगळा घोळ इथेच होतो. डिस्क नुसती वाकडी असेल तर फिरताना ती डावीउजवीकडे डोलते, पण तिच्या दोन्ही बाजू सोबतच सरकतात, म्हणजे एका पॅडला जेवढं ढकललं तेवढी दुसऱ्या पॅडकडे जागा झाली. पिनांवर सरकणारा कॅलिपर (पॅड आणि त्यांना ढकलणारे पिस्टन ज्यात असतात तो भाग) असेल तर तो अख्खाच तिच्यासोबत डोलतो आणि लिव्हरला फारसं काही कळत नाही. जाडीचं तसं नाही. जाड भाग पॅडमध्ये शिरला की दोन्ही पॅड एकमेकांपासून लांब जातात, पिस्टन मागे सरकतो, आणि ब्रेक ऑइल काही दबत नाही त्यामुळे तो धक्का सरळ पाइपातून वर येतो. वर येताना मोठाही होतो. समजा मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा) १२.७ मिमी व्यासाचा आहे आणि कॅलिपरमध्ये २७ मिमीचे दोन पिस्टन आहेत, तर क्षेत्रफळाचा हिशोब साधारण ९ पट येतो. ब्रेक दाबताना हेच ९ पट तुमच्या बोटांची ताकद वाढवतं, आणि उलटं येताना हेच ९ पट ती हालचाल वाढवतं, लिव्हरच्या टोकाला तर त्याच्याही कित्येक पट. म्हणून जाडीत ०.०२ मिमीचा फरक, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, बोटांना स्पष्ट जाणवू शकतो.

आता हा फरक येतो कुठून. गाडी आणि चालवणारा मिळून २५० किलो धरा आणि ८० च्या स्पीडवरून पूर्ण थांबा, तर जवळपास ६० हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. साधं पाणी घेतलं तर एवढ्यात २०० ग्रॅम, म्हणजे ग्लासभर पाणी उकळीला येईल, आणि इथे ती सगळी काही सेकंदांत ब्रेकमध्ये जिरते, त्यातला मोठा वाटा पुढच्या डिस्कमध्ये, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येतं. पॅड डिस्कला नुसतं घासत नाही, स्वतःच्या मटेरियलचा एक पातळ थरही तिच्यावर सोडत जातं, आणि हा थर हवाच असतो, ब्रेकची पकड बऱ्यापैकी त्याच्यावर असते. फक्त तो सगळीकडे सारखा पाहिजे. घाट उतरून आलात, डिस्क तापलेली, आणि सिग्नलला लिव्हर दाबून धरून उभे राहिलात की तेवढ्या एका जागी पॅड भाजून चिकटतं आणि त्याचा ठसा उमटतो. पुढच्या वेळी तो ठसा जास्त पकडतो, म्हणून जास्त तापतो, म्हणून अजून मटेरियल खेचून घेतो. माझ्या नव्या डिस्कवर नेमकं हेच झालं होतं, उजेडात तिरकं धरून बघितल्यावर पॅडच्या आकाराचा निळसर करडा डाग चक्क दिसत होता, कडेची गोलाईसुद्धा पॅडचीच.

वाकडेपणा पूर्ण निर्दोष आहे असं मात्र नाही. डिस्क डोलत असेल तर ब्रेक सोडलेला असतानाही तिचा एक भाग दर फेरीला पॅडला हलकं चाटून जातो, महिनोन्‌महिने चाटत राहिला की तिथे ती झिजते आणि मग जाडीचा फरक तयार होतो. म्हणजे तो थरथराटाला जन्म देतो, पण उशिरा. आणि बऱ्याचदा डिस्क वाकडी नसतेच, वाकडी बसवलेली असते. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी असेल, डिस्कचा ३००, तर हबवर एका बाजूला गंज किंवा जुन्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) ०.१ मिमीचा कण अडकला तरी बाहेरच्या कडेला तो तिप्पट होऊन ०.३ मिमी डोलतो. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.३ हीच शेवटची मर्यादा असते, काहींमध्ये त्याहूनही कमी. तेव्हा डिस्क बसवताना हबची बैठक साफ करणं हे वरवरचं काम समजू नका.

गाडीला हात लावायच्या आधी गचके मोजा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. पुढच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर असतो, म्हणजे ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला ९ वेळा फिरतं, ३० ला साडेचार वेळा. मोकळ्या रस्त्यावर अगदी कमी स्पीडला हलका ब्रेक धरून बघा, चाकाच्या दर फेरीला एक गचका ठराविक तालात येत असेल तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या वस्तूत आहे, म्हणजे डिस्क, नाहीतर रिम किंवा टायर. ब्रेक न मारताही हँडल डुलत असेल तर आधी टायर आणि रिमकडेच बघा. आणि ब्रेक धरताना एकदाच टक्क आवाज येत असेल आणि त्याला चाकाचा ताल नसेल तर कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) सैल आहे का ते पहा, पुढचं चाक उचलून शॉकअप खालून धरा आणि मागेपुढे ओढा, खेळ असेल तर हाताला लगेच कळतो. कोनसेट सैल असला की डिस्कचा बारीकसा दोषही खूप मोठा वाटतो, त्यामुळे हे आधी तपासलेलं बरं. घसरणाऱ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हरमध्ये जी भराभर टकटक होते ती चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसची असते, ती बिघाड नाही.

डोलणं मोजायला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) शॉकअपला घट्ट बांधायचा, टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत टेकवायचं आणि चाक हळूहळू फिरवायचं. गेज नसेल तर शॉकअपला एक झिप टाय बांधा, टोक डिस्कपासून जेमतेम कागदाएवढ्या अंतरावर ठेवा आणि फटीकडे बघत चाक फिरवा, डोलणं डोळ्याला दिसतं. जाडीसाठी मात्र मायक्रोमीटरच लागतो, आठ जागी खडूने खूण करून मोजायची. व्हर्नियर इथे फसवतो कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली ओठासारखी धार राहते आणि तो तीच मोजतो. कमीत कमी चालणारी जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते, तिच्या खाली गेली असेल तर पुढची चर्चाच नको, बदला.

फ्लोटिंग डिस्क असेल, म्हणजे बाहेरची चकती मधल्या भागाला बटणांनी सैलसर जोडलेली असेल, तर ती बटणंही तपासा. ३०० मिमीची डिस्क २०० अंशांनी तापली की अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त पसरते, आणि बटणं धूळगंजाने जाम असतील तर तिला पसरायला जागाच मिळत नाही, मग ती ताटलीसारखी वाकते. गार असताना सगळं ठीक आणि तापल्यावरच थरथराट, असं असेल तर पहिला संशय यांच्यावर. कॅलिपरच्या पिनाही बाहेर काढून पुसा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, कारण पिना जाम असतील तर कॅलिपर डिस्कसोबत सरकत नाही आणि एरवी न जाणवणारा वाकडेपणाही जाणवायला लागतो.

माझं काम शेवटी पॉलिश पेपरवर झालं. डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पुसली, मग बारीक पेपरने गोल गोल हात फिरवत डाग जाईपर्यंत सारखी घासली, परत पुसली. पॅड सपाट काचेवर पेपर ठेवून त्यावर घासले. ही धूळ फुंकायची नाही, तोंडाला मास्क लावायचा आणि ओल्या फडक्याने पुसायची. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने दहाएक वेळा ब्रेक मारले, एकदाही पूर्ण न थांबता, आणि नंतर बराच वेळ ब्रेकला हात न लावता गाडी वाऱ्यावर गार होऊ दिली, म्हणजे नवा थर सगळीकडे सारखा बसतो. पहिल्या तीन-चार वेळेला हलका थरथराट होता, आठव्या-नवव्याला बोटांखाली काहीच नव्हतं. एवढं करूनही डाग परत परत त्याच जागी येत असेल तर डिस्क बदला, पण पॅड तिच्यासोबतच बदला, ते जुनं मटेरियल नव्या डिस्कवर नेऊ नका.

आणि पॅड काढून बसवलेत की गाडी हलवायच्या आधी उभ्या जागी लिव्हर दाबत रहा, तो कडक होईपर्यंत, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिला ब्रेक अक्षरशः हँडलला टेकतो.