365 वेळा ‘भिऊ नको’?

‘बायबलमध्ये “भिऊ नको” हे शब्द बरोबर 365 वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक.’ हा मेसेज गिरगावपासून वसईपर्यंत घरोघरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. गोष्ट धीर देणारी आहे, म्हणून कोणी मोजायला बसत नाही.

मोजणं मात्र सोपं आहे. विरार लोकलमध्ये जागा मिळाली (मिळाली तर!) की बायबलच्या ॲपमध्ये ‘भिऊ नको’ शोधा. मग ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’ही शोधा. भाषांतरागणिक आकडा बदलेल, पण 365 च्या खूप अलीकडेच थांबेल.

आता सापडलेल्या ओळी उघडून वाचा. सगळ्या देवाच्या तोंडच्या नाहीत. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 35:17 मध्ये, बाळंतपणात राहेलला धीर देते ती तिची सुईण. शास्ते या पुस्तकात (4:18) याएल नावाची बाई लढाईतून पळालेल्या सेनापती सीसराला ‘भिऊ नका’ म्हणत तंबूत घेते आणि तो झोपल्यावर त्याच्या कानशिलात मेख ठोकते. रोजचं वचन म्हणून हे कोण घेईल?

शिवाय 365 चा हिशेब आपल्या कॅलेंडरचा. बायबलचा जुना भाग ज्यूंचा, आणि ज्यू पंचांगाचं साधं वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं. आपल्या पंचांगासारखाच तिथेही अधिक महिना येतो.

माहीमच्या मावशीने हा मेसेज पाठवला तेव्हा मी ग्रुपवर दुरुस्ती केली नाही. फोन केला. बायबलमधल्या यशया या पुस्तकाचा 41वा अध्याय दोघांनी मिळून वाचला. दहाव्या ओवीशी, ‘तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे’ इथे, ती थांबली आणि म्हणाली, ‘एकदा आलंय, तरी पुरे की.’