कपाशीचे पान अळीला उत्तर कसे देते : संशोधनाची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यात कपाशीचे कोणतेही पान उन्हासमोर धरले तर त्यात बारीक काळसर ठिपके दिसतात. हे ठिपके रोगाचे नसून गॉसिपॉल आणि तत्सम विषारी द्रव्ये साठवणाऱ्या ग्रंथींचे आहेत. सरकी व ढेप निर्विष व्हावी म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रंथीविरहित कपाशी तयार करण्यात आली, परंतु एरवी कपाशीला फारसे तोंड न लावणाऱ्या किडींनीही ते पीक फस्त केले.

अशी द्रव्ये म्हणजे वनस्पतीचा टाकाऊ माल, असा समज पूर्वी रूढ होता. तो कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रिड फ्रेंकेल यांनी १९५९ मध्ये खोडून काढला. मात्र गरज पडताच झाड नवे संरक्षण उभारते, हे दाखवण्याचे श्रेय १९७२ मधील ग्रीन आणि रायन यांच्या प्रयोगाकडे जाते. भुंगेऱ्यांनी बटाटा व टोमॅटोचे एक पान कुरतडले की दूरच्या, न कुरतडलेल्या पानांतही किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने वाढतात, असे त्यांना आढळले.

१९८३ मध्ये बाल्डविन आणि शुल्ट्झ यांनी जखमी झाडाचा निरोप हवेतून शेजारच्या झाडाला मिळतो, असे मांडले. वृत्तपत्रांनी लगेच ‘बोलकी झाडे’ गाजवली आणि विषयाचे नुकसानच केले, कारण प्रयोगाच्या मांडणीवर व सांख्यिकीवर आलेले आक्षेप रास्त होते आणि त्यामुळे काही वर्षे हा प्रश्नच संशयास्पद ठरला. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी मिथाइल जास्मोनेट हे नेमके द्रव्य हवेतून टोमॅटोपर्यंत पोहोचून तीच प्रथिने वाढवते हे सिद्ध केले, तेव्हा या कल्पनेला ठोस आधार मिळाला. त्याच वर्षी टर्लिंग्ज व सहकाऱ्यांनी अळीने खाल्लेला मका परोपजीवी (अळीच्या शरीरात अंडी घालणाऱ्या) गांधीलमाशीला गंधाने बोलावतो, हे दाखवले. पुढे १९९८ मध्ये तर कपाशीवर कोणत्या जातीची अळी लागली आहे, हेही एक गांधीलमाशी गंधावरून ओळखते, असे दिसून आले.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मात्र या गंधाचा उपयोग मर्यादित आहे. अंड्यातून निघताच ती बोंडात शिरते आणि मित्रकीटकांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणूनच किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे शेतात लावण्याचा सल्ला दिला जातो.

१९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे आणि २००२ पासून देशात बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारक प्रथिन स्वतःच बनवणारी कपाशी आहे. झाडाचे स्वतःचे रसायन अळीने चावा घेतल्यावर वाढते, तर बीटीचे प्रथिन सतत तयार होत राहते. या फरकाचा एक अनपेक्षित परिणाम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसला : बीटी कपाशीला अळ्यांचा उपद्रव कमी झाल्याने झाडाने आपली संरक्षक द्रव्ये कमी बनवली, आणि त्याचा फायदा माव्याला झाला.