सायलेन्सर-बदल (बुलेट मोटारसायकल)

सायलेन्सर-बदल : मोटारसायकलीला कारखान्यातून बसून आलेला सायलेन्सर कापून, आतून पोकळ करून किंवा काढून त्याजागी दुसरा लावून गाडीचा आवाज बदलण्याची प्रथा. भारतात ती अनेक गाड्यांवर चालते. परंतु रॉयल एनफील्डच्या ‘बुलेट’भोवती तिची स्वतंत्र बाजारपेठ आणि बोली तयार झाली आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः बुलेटपुरती असून दोन-स्ट्रोक गाड्यांचा (ज्यांत इंजिनाच्या प्रत्येक फेरीला ज्वलन होते) उल्लेख फरक दाखवण्यापुरता केला आहे.

पूर्वपीठिका : सायलेन्सर प्रथम कोणी केला याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात हे श्रेय बहुधा अमेरिकन अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम याला दिले जाते. त्याने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ मध्ये मिळवले आणि पुढे त्याच तत्त्वावर इंजिनांसाठीही उपकरणे बनवली. तथापि इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंचे इंजिनाच्या धूरनळीसाठीचे पेटंट १८९७ चे आहे. तारखा पाहता वाहनांच्या बाबतीत रीव्ह्‌ज बंधूंचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. एका जागी बसवलेल्या वायुइंजिनांचा धूर ओतीव लोखंडी भांड्यातून किंवा जमिनीतील खड्ड्यातून बाहेर सोडून आवाज दाबण्याची रीत त्याहूनही जुनी असावी. त्यामुळे ‘पहिला’ हा शब्द दोन्ही पक्षांबाबत जपूनच वापरावा लागतो.

आवाजाविरुद्धच्या तक्रारीही फार मागे जातात. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील शर्यतीचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. आसपासच्या रहिवाशांनी गोंगाटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतल्यावर १९२० च्या दशकाच्या मध्यास तेथे ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. तो ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जातो. याच मार्गावर १९३७ मध्ये वॉल हँडली या शर्यतपटूने बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून त्याबद्दल दिले जाणारे सुवर्णतारा हे पदक मिळवले आणि त्यावरून बीएसएच्या ‘गोल्ड स्टार’ मालिकेला नाव पडले. भारतातील बुलेटधारक ज्याला ‘गोल्डस्टार’ म्हणतात तो शेवटी निमुळता होणारा सायलेन्सर या गाडीच्या १९५० च्या दशकातील रूपाची नक्कल आहे.

मूळ गोल्ड स्टारचा थ्रॉटल सोडताच धूरनळीतून पाखरांच्या किलबिलाटासारखा आवाज येई. काही जण तो सायलेन्सरच्या आतील रचनेचा परिणाम मानतात, तर काही शर्यतीच्या कॅममुळे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागामुळे) दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे राहण्याचा. हुबेहूब आकाराची नक्कल लावूनही बुलेटमधून तो आवाज येत नाही, यावरून दुसऱ्या मताला अधिक बळ मिळते. निदान सायलेन्सर एकटा पुरेसा नाही एवढे निश्चित.

बुलेटचे इंजिन : इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे बुलेटचे उत्पादन सुरू झाले. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी., पिस्टनचा फेरा (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकण्याचे अंतर) ९० मिमी. आणि घनफळ ३४६ घसेंमी. होते. फेरा व्यासापेक्षा बराच लांब, फ्लायव्हील (गती टिकवणारे चाक) जड आणि सिलिंडर बिडाचा अशी ही रचना. पुढे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे ‘एव्हीएल’ नावाचे इंजिन आणि २००८ च्या सुमारास इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले यूसीई आले. बिडाचे इंजिन २०१० च्या आसपास बंद झाले. २०२० पासून आलेल्या ३४९ घसेंमी.च्या ‘जे’ मालिकेत व्यास ७२ मिमी. व फेरा ८५·८ मिमी. आहे, कंपन कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही त्यात आहे. सायलेन्सर बदलण्याची मागणी प्रत्येक नव्या इंजिनाबरोबर वाढत गेली, असे गॅरेजवाले सांगतात. त्यात तथ्य असावे, कारण ‘जुना आवाज राहिला नाही’ ही तक्रारही प्रत्येक वेळी नव्याने होत आली आहे.

ध्वनिशास्त्र : चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. म्हणून एका सिलिंडरच्या गाडीत दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या ठोक्यांची संख्या म्हणजे दर मिनिटाच्या फेऱ्या भागिले १२०. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर उभ्या गाडीतून सेकंदाला सुमारे आठ ठोके पडतात, ३,००० फेऱ्यांवर २५. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्‌झच्या खाली सलग सूर न जाणवता सुटे ठोके ऐकू येतात. बुलेटची ‘डगडग’ उभ्या अवस्थेत किंवा हळू चालताना सुटी ऐकू येते आणि वेग वाढल्यावर तिची सलग घरघर होते, त्याचे कारण हेच.

सायलेन्सर हे ठोके निर्माण करत नाही. ठोक्याबरोबर येणाऱ्या वरच्या पट्टीतील आवाजांपैकी कोणते गाळायचे आणि कोणते सोडायचे, एवढेच तो ठरवतो. ही निवड दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत आत कप्पे असतात आणि ध्वनिलहरी त्यांच्या भिंतींवरून परतून एकमेकींना मारतात. नळीच्या तिप्पट व्यासाचा एक साधा कप्पा घेतला, तर छेदाचे क्षेत्रफळ नऊपट होते आणि सैद्धांतिक गणिताने जास्तीत जास्त सुमारे १३ डेसिबल घट मिळते. मात्र ही घट सर्व सुरांना सारखी नसते. कप्प्याची लांबी अर्धा मीटर आणि तापलेल्या वायूतील ध्वनिवेग सेकंदाला ५०० मी. धरला, तर २५० हर्ट्‌झचा सूर सर्वांत जास्त दबतो आणि ५०० हर्ट्‌झचा जवळजवळ अडथळ्याविना निघून जातो. म्हणून कारखान्यातील सायलेन्सरमध्ये वेगवेगळ्या लांबीचे अनेक कप्पे व आडव्या नळ्या असतात. आतले कप्पे कापून काढले, की त्यांनी अडवलेले सूर मोकळे होतात. घट्ट बंद खोलीची खिडकी उघडल्यावर रस्त्यावरचे सगळेच आवाज आत यावेत, तसे हे होते. त्यातला हवा तेवढाच आवाज निवडता येत नाही.

दुसऱ्या रीतीत भोके पाडलेल्या सरळ नळीभोवती काचतंतू भरतात. बाजारात त्याला ‘ग्लासवूल’ म्हणतात. तंतू उंच सूर चांगले शोषतात, खालचे फारसे नाही. परिणामी कर्कशपणा कमी होऊन घुमारा उरतो आणि म्हणून जाणकारांची पसंती बहुधा याच प्रकाराला असते. काही काळाने तंतू जळून किंवा उडून जातात आणि आवाज पुन्हा फाटतो.

जुन्या बुलेटच्या आवाजाचे मूळ कशात, यावर गॅरेजांत तीन पक्ष आढळतात. एकाच्या मते ते जड फ्लायव्हीलमध्ये आहे, दुसऱ्याच्या मते पॉइंटच्या (यांत्रिक संपर्काने ठिणगी पाडणाऱ्या) इग्निशनमध्ये व मागे ठेवलेल्या टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडण्यात, तिसऱ्याच्या मते केवळ सायलेन्सरमध्ये. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन बंद न पडता फार संथ फिरू शकते आणि संथ फिरल्याशिवाय ठोके सुटे पडत नाहीत. त्यामुळे पहिल्या मताचा आधार पक्का आहे. टायमिंगचा वाटा दुय्यम आणि सायलेन्सरचा त्याहूनही कमी. हा क्रम मान्य केला, तर नव्या इंजिनाला जुना सायलेन्सर लावून जुना आवाज येणार नाही, हे ओघानेच येते. प्रत्यक्षात नवी गाडी मोठ्याने वाजते, जुन्यासारखी वाजत नाही. काही जण कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून संथ चाल आणखी खाली आणतात. तेलाचा पंप क्रँकच्या वेगावरच फिरत असल्याने ते इंजिनाला मानवत नाही.

‘बॅकप्रेशर गेले की पिकअप जातो’ हे विधान जवळजवळ प्रत्येक मेकॅनिककडून ऐकायला मिळते. धूरनळीतील हा उलट दाब (बॅकप्रेशर) स्वतः उपयोगी नसतो. नळीच्या उघड्या टोकावरून परतणारी कमी दाबाची लहर योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर जळका वायू ओढला जातो. सायलेन्सर बदलल्यावर ही वेळ चुकते आणि मिश्रणाचे प्रमाणही बिघडू शकते. अनुभव खरा, कारणमीमांसा अपुरी, असे या विधानाबाबत म्हणावे लागेल.

प्रकार व नावे : शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, डॉल्फिन, वाइल्ड बोअर, पंजाब, इंदोरी ही नावे सर्रास चालतात. पहिली चार आकारावरून किंवा मूळ गाडीवरून आली आहेत. पंजाब व इंदोरी ही नावे त्या प्रदेशांकडे बोट दाखवतात. आज मात्र हे प्रकार दिल्लीच्या करोलबागेपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत मिळतात. ‘फटाके’ काढण्यासाठी चालत्या गाडीचा किल-स्विच (इंजिन बंद करणारे बटण) क्षणभर बंद करून पुन्हा चालू करतात. न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेटते आणि बार होतो. ही करामत सायलेन्सरची कमी आणि स्विचची जास्त आहे.

दोन-स्ट्रोक गाड्यांत हिशोब वेगळा असतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात विकल्या गेलेल्या ९८ घसेंमी.च्या यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर हा इंजिनाच्या श्वसनाचाच भाग आहे. त्याचा फुगीर मध्यभाग कापला तर ताकद जाते. शेपटाकडील जाळी काजळी काढण्यासाठी सुटी करता येई. ती साफ करून परत न बसवणे हा या गाडीवरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सामान्य बदल होता.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर आवश्यक आहे. निर्मितीच्या टप्प्यावर १ एप्रिल २००५ पासून ८० घसेंमी.पर्यंतच्या दुचाकीला ७५, १७५ घसेंमी.पर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मापे मार्गावरून जाणाऱ्या गाडीपासून ७·५ मी. अंतरावर घेतात, पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था आहे. उभ्या गाडीची चाचणी धूरनळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर होत असल्याने तिचा आकडा बराच मोठा येतो. दोन्ही आकड्यांची तुलना करून निघालेले निष्कर्ष वृत्तपत्रांत वारंवार दिसतात. ते ग्राह्य नाहीत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी वा प्रदूषणाची मानके मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास कलम ५२ चा अडसर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक आणि ऑक्सिजन सेन्सर धूरनळीतच असल्याने तेथे ध्वनीबरोबर प्रदूषणाच्या नियमांचाही भंग होतो. महाराष्ट्रात वाहतूक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. कारवाईचा रोख गाडीमालकांवर अधिक दिसतो, विक्रेत्यांवर कमी.