खर्ज लावताना हृदय काय करतं?

‘हा राग ऐका, बीपीची गोळी बंद करा’ असा संदेश आमच्या शिक्षकांच्या गटावर परवा पुन्हा आला. त्यावर विसंबून कुणी गोळी सोडू नये. रागाच्या नावात औषध नसतं. पण गाणाऱ्याच्या श्वासाचा हृदयावर परिणाम होतो, आणि तो मोजता येतो.

मनगटावर नाडी धरून पाहा. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मेंदूच्या तळातून हृदयाकडे जाणारी व्हेगस ही मज्जातंतूंची जोडी असिटिलकोलीन हे रसायन सोडून ठोके मंदावते. श्वास घेताना हा लगाम सैल पडतो, सोडताना आवळतो. याशिवाय मानेतल्या धमन्यांत रक्तदाब टिपणारे संवेदक असतात. दाब चढला की ते ठोके कमी करायला आणि रक्तवाहिन्या सैल करायला लावतात. वाहिन्यांना मात्र तसं करायला काही सेकंद लागतात, म्हणून दाब सुमारे १० सेकंदांच्या लाटेत हेलकावत राहतो. एरवी आपला श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो आणि श्वासाच्या आणि दाबाच्या लाटांचा मेळ बसत नाही. श्वास मिनिटाला ६ वर आला की त्याची लाटही १० सेकंदांची होते. दोन्ही एकमेकींना जोर देतात आणि ठोक्यांतला चढउतार ठळक होतो. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र म्हणणाऱ्यांत हेच मोजलं. पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला, ‘सा’ धरणारा गायक किंवा एका दमात अभंगाचा चरण म्हणणारा वारकरी याच संथ श्वासाकडे जातो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारातल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात स्वरांआधी देहाची घडण सांगितली आणि मंद्र, म्हणजे खालच्या, नादाचं स्थान हृदय मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्या गायन शिक्षकांच्या वाट्याला मात्र हा श्वास कमीच येतो. भरल्या वर्गाच्या गलक्यात आवाज नकळत चढतो. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. सूचना देताना श्वास तुटक होतो. शिक्षिकेचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात, म्हणजे सलग तासभर बोललं तर सात लाखांवर. त्यात पुरुष शिक्षकाला दिवसभर मुलांच्या उंच पट्टीत गावं लागतं. म्हणून पहिल्या तासाआधी दहा मिनिटं संगीत शिक्षकाला मोकळी मिळावीत, असं मी मुख्याध्यापकांना कळकळीनं सांगतो. तेवढ्यात पेटीवर स्वतःची पट्टी धरून, मुलांविना, लांब ‘सा’ लावता येतो.