पार्किन्सन विकारातील चालीसाठी संवेदी संकेत

पार्किन्सन विकारात (कंपवातात) बिघडलेली चाल सुधारण्यासाठी डोळे, कान किंवा त्वचेमार्फत दिली जाणारी बाहेरची खूण म्हणजे संवेदी संकेत. जमिनीवरची आडवी पट्टी, मेट्रोनोमची (ठरावीक ठेका देणाऱ्या यंत्राची) टिकटिक, मनगटाला जाणवणारे कंपन ही त्याची नेहमीची रूपे.

निरोगी माणसाचे एकामागून एक पाऊल आपोआप पडते. या आपोआपपणात बेसल गँग्लिया या मेंदूच्या आतील पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. डोपामीन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन घटल्याने तो कमी पडतो. पाऊल आखूड होते, घसटते, कधी जागीच चिकटते. पायांत ताकद असतेच, म्हणून सपाट फरशीवर अडणारा रुग्ण जिना मात्र सहज चढू शकतो. बाहेरची खूण मिळाली की चालणे ही लक्ष देऊन केलेली क्रिया बनते. लक्ष उडाले की परिणामही जातो.

आडव्या रेषांचा उपयोग ब्रिटिश चेतातज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये नोंदवला. चालण्याच्या दिशेने आखलेल्या उभ्या रेषांचा तसा फायदा होत नाही. घरात फरशीच्या रंगाहून ठळक वेगळी, न चमकणारी चिकटपट्टी वापरावी. दोन पट्ट्यांमधले अंतर रुग्णाच्या आताच्या पावलापेक्षा थोडे जास्त, पण झेपेल इतकेच ठेवावे. पाऊल पट्टीवर नव्हे, तिच्या पलीकडे टाकायचे. वळणावर पट्ट्या पंख्यासारख्या पसरून लावाव्यात. टोके सुटलेली पट्टी लगेच काढावी, कारण पाय घसटत चालणारा तिलाच अडखळतो. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी पार्किन्सन असलेल्या आपल्या काकांसाठी जमिनीवर जिन्याचा भास निर्माण करणारे चित्र वापरून पाहिले, ते याच धर्तीवर.

पट्टीने पावलाची लांबी सुधारते, तर ठेक्याने पावलांचा ताल. ठेका ठरवण्याआधी रुग्णाची एका मिनिटातील पावले मोजावीत. पाय न चिकटणाऱ्यांना मोजलेल्या आकड्याच्या सुमारे १० टक्के वर, चिकटणाऱ्यांना सुमारे १० टक्के खाली, अशी सुरुवात करता येते: १०० पावले असतील तर अनुक्रमे ११० आणि ९०. पाय चिकटणाऱ्याला वेगवान ठेका दिला तर पावले आणखी आखूड होऊन तो पुढे झेपावत जातो. मोबाइलवरील मेट्रोनोम पुरेसा आहे. गाणे हवे असल्यास ठोका स्पष्ट आणि लय स्थिर असावी; भजन आवडीचे असले तरी शेवटाकडे लय चढते, तिथे घात होतो. रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत. गोंगाटात मनगटावरचे कंपन सोयीचे.

पाय चिकटल्यावर घरचे लोक हात धरून ओढतात किंवा ‘चला, चला’ म्हणतात. ओढल्याने वरचे धड पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. आधी पूर्ण थांबावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर हलवावा, मग ‘एक, दोन, तीन’ म्हणत मोठे पाऊल टाकावे. सोबतचा माणूस आपले पाऊल आडवे ठेवून ओलांडायला सांगू शकतो. मात्र रुग्णाचा तोल आधी पाहावा. दार, अरुंद बोळ, वळण आणि चालताना बोलणे ही चिकटण्याची नेहमीची ठिकाणे. सराव औषधाचा असर असताना सुरू करावा, पण संकेत असर उतरल्यावरही उपयोगी पडतो का, तेही तपासावे.

लूव्हेन, न्यूकॅसल आणि ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या ‘रेस्क्यू’ चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. १५३ रुग्णांना तीन आठवडे घरी जाऊन संकेतांचे प्रशिक्षण दिले गेले. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ सेंमी, तर पाऊल सुमारे ४ सेंमी वाढले. प्रशिक्षण थांबल्यावर सहा आठवड्यांत हा लाभ बराच ओसरला. म्हणून पट्ट्या किंवा मेट्रोनोम काही दिवस वापरून बाजूला ठेवण्यात अर्थ नाही, आणि पावले अधूनमधून पुन्हा मोजून ठेका बदलावा लागतो. स्मृतिभ्रंश वाढलेल्या रुग्णाला संकेत पाळणे जड जाते. त्याच्याबाबत एका वेळी एकच साधी खूण ठेवावी, आणि भास होत असतील तर जमिनीवरची चित्रे टाळावीत.